वजन मोजता तसं हेही मोजा, की पेशंटला पथ्य पाळायला नक्की कशाची मदत होते : बॅरिएट्रिक टीम्सना खुलं पत्र

प्रति,
ओबेसिटी अँड मेटॅबॉलिक सर्जरी सोसायटी ऑफ इंडियाचे पदाधिकारी, इंडियन डायटेटिक असोसिएशनच्या मुंबई आणि पुणे शाखा, आणि महाराष्ट्रात जिथे जिथे वजन कमी करायची सर्जरी होते तिथले सर्जन, डाएटिशियन, कोऑर्डिनेटर, सगळेच.

नमस्कार,

मी बॅरिएट्रिक (म्हणजे वजन कमी करायच्या सर्जरीच्या) ओपीडीत काम करणारी डाएटिशियन आहे, थेट मुद्द्यावर येते. सर्जरीनंतर पेशंट महिन्याने येतो, तीन महिन्यांनी येतो, सहा महिन्यांनी येतो, मग वर्षाने येतो (आला तर), आणि दर वेळी आपण वजन घेतो, बीएमआय काढतो, एक्सेस वेट लॉस (जास्तीच्या वजनातलं किती उतरलं ते) किती टक्के झाला ते लिहितो, शुगर-बीपीच्या गोळ्या किती कमी झाल्या ते लिहितो. आणि डाएटच्या रकान्यात काय तर एक टिक नाहीतर एक फुली. ज्याला टिक मिळाली त्याला घरी कोणी मदत केली, काय सोपं गेलं, आणि ज्याला फुली मिळाली त्याचं नेमकं कुठे अडलं, हे कुठल्याच फाइलमध्ये सापडत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की पथ्य कशामुळे पाळलं जातं हे आपण वजनाइतक्याच गंभीरपणे मोजायला हवं, आणि एकेका हॉस्पिटलने आपापल्या अंदाजाने मोजून भागणार नाही, सगळ्यांनी मिळून एकाच पद्धतीने मोजायला हवं.

आपल्या क्षेत्रात मोजमापाची आवड कमी आहे असं अजिबात नाही. १९९८ पासून बॅरोस नावाची गुणपद्धत आहे, त्यात वजन किती उतरलं, सोबतचे आजार किती सुधारले, जगण्याचा दर्जा कसा आहे याचे मार्क मिळतात आणि कॉम्प्लिकेशन झाली तर मार्क कापले जातात. चांगली पद्धत आहे, पण ती सांगते निकाल काय लागला. निकाल तसा का लागला, पेशंट घरी रोज काय करत होता, ते तिच्यात येत नाही.

आणि घरी रोज जे होतं त्यावरच तर सगळं चालतं ना. स्लीव्हमध्ये (जठर नळीसारखं अरुंद करायच्या सर्जरीत) जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकला जातो, बायपासमध्ये (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात) वरची पिशवी जेमतेम ३० मिली ठेवतात, म्हणजे पहिले काही आठवडे दोन-चार चमच्यांत पोट भरतं, आणि त्याच पोटात दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रोटीन बसवायचं, पाणी जेवणासोबत नाही तर अर्ध्या तासाने, घास बारीक चावून, आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर. स्वीडनच्या एसओएस या लठ्ठपणाच्या सर्जरीवरच्या मोठ्या स्टडीत ज्यांचं बायपास झालं त्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं, दहा वर्षांनी ते २५ टक्क्यांवर स्थिरावलेलं होतं. म्हणजे फायदा टिकतो, पण थोडं वजन परत येतंच, आणि सरासरीच्या आत कोणाचं बरंच परत येतं, कोणाचं जवळजवळ नाही. हा फरक कशाने पडतो? ऑपरेशन कुठलं होतं आणि शरीराची जडणघडण कशी आहे यानेही पडतो, मान्य, पण ताटात काय येतं यानेही पडतो, आणि आपल्या हातात जे आहे ते हेच आहे.

आता पोळीचं उदाहरण घेते, कारण मला सगळ्यात जास्त त्रास याच गोष्टीचा होतो. स्लीव्हनंतर कोरडी पोळी, भाकरी, मोकळा भात बऱ्याच जणांना अडकतो, छातीत दाटून येतं, उलटी होते, चारचौघांत झाली तर माणूस धसकाच घेतो. मग तो काय करतो, जे सहज उतरतं ते खातो. चहात बुडवलेलं बिस्किट उतरतं, चिवडा उतरतो, आइस्क्रीम, मिल्कशेक, वेफर्स सगळं उतरतं. सहा महिन्यांनी वजन थांबतं आणि आपण लिहितो डाएट फॉलो करत नाही. अहो त्याने बिस्किट हौसेने नाही हो धरलं, पोळी उतरेना म्हणून धरलं. त्याला वेळेवर कोणी सांगितलं असतं की पोळी आमटीत कुस्करून घे, आधी डाळ-पनीर-अंडं खा आणि पोळी शेवटी, घास अंगठ्याच्या नखाएवढा घे, वीस-तीस मिनिटं लाव, तर कदाचित तो बिस्किटाकडे गेलाच नसता. मी कदाचित म्हणतेय, कारण हे मोजलेलंच नाहीये. आपण सगळे डाएटिशियन हे सांगतो, प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने सांगतो, पण कधी सांगितलं, कोणाला सांगितलं, कसं सांगितलं तर फायदा होतो, याचं उत्तर आपल्यापैकी कोणाकडेही नाही.

पहिली अडचण ही आहे की पथ्य म्हणून आपण जे एकच नाव वापरतो त्यात निदान सहा-सात वेगवेगळ्या सवयी आहेत. प्रोटीन पूर्ण होणं, पाणी वेगळं पिणं, सावकाश खाणं, येताजाता तोंडात न टाकणं, गोड आणि पातळ कॅलरी टाळणं, दारू टाळणं, गोळ्या घेणं. प्रत्येकीच्या सुटण्याची कारणं वेगळी.

गोळ्यांचंच बघा. कॅल्शियम दिवसातून दोन-तीनदा विभागून घ्यायचं, लोह कॅल्शियमपासून दोन तास लांब ठेवायचं, लोह चहासोबत नाही, आणि लोहाने बद्धकोष्ठता होते ती वेगळीच. आता जो माणूस पहाटे एसटीवर ड्युटीला जातो त्याने हे वेळापत्रक कुठे बसवायचं? तो गोळी सोडतो ती आळसाने नाही. आणि सोडल्यावर लगेच काही होत नाही, बी१२ चा साठा शरीरात वर्षानुवर्षं पुरतो, त्यामुळे त्याला वाटतं गोळीशिवाय छान चाललंय, हातपाय मुंग्यायला लागतात तेव्हा मात्र फार उशीर झालेला असतो. (उलट थायमिनचा, म्हणजे बी१ चा, साठा दोन-तीन आठवड्यांचाच, त्यामुळे ज्याला सतत उलट्या होतायत त्याच्याकडे दुर्लक्ष अजिबात परवडत नाही.)

प्रोटीनचं कारण अजूनच वेगळं. शाकाहारी घरातली बेरीज करून बघा, एक पेला दूध सहा-सात ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीर अठराच्या आसपास, एक वाटी घट्ट वरण सहा-सात, वाटीभर दही तीन-चार. झाले पस्तीसच्या आसपास, आणि एवढं खाऊन त्या पोटात जागाच उरत नाही. म्हणजे पावडर किंवा सोयाबीन लागणारच. माळकरी घरात अंडं येणार नाही, सोयाबीनच्या वड्यांना घरचे नाकं मुरडतात, पावडरचा डबा संपला की दुसरा आणायला महिनाअखेर थांबावं लागतं. त्यात चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस, आणि उपवासाला साबुदाणा, ज्यात प्रोटीन नावालाही नाही. उपवास सोडा असं सांगून चालत नाही, मी सांगतही नाही, श्रद्धेचा भाग आहे. पण उपवासाचं वेगळं डाएट आधीच लिहून दिलं (दूध, दही, पनीर, राजगिरा, शेंगदाण्याची आमटी) तर त्या दिवसांत प्रोटीन टिकतं का, हा प्रश्न महाराष्ट्रात विचारायलाच हवा ना? अमेरिकेतल्या कुठल्या स्टडीत तो येणार नाहीये.

दुसरी अडचण, आपण विचारतो कसं. समोर डाएटिशियन बसलीये, बाजूला नवरा किंवा सासू, आणि डाएटिशियन विचारते, पथ्य पाळताय ना? कोण नाही म्हणेल? १९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक छोटा पण गाजलेला अभ्यास आला होता, आम्ही कमी खातो तरी वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या लोकांचं खाणं डबली लेबल्ड वॉटर पद्धतीने (खास पाणी पाजून शरीर खरंच किती कॅलरी खर्च करतं ते मोजतात) तपासलं, तर त्यांनी सांगितलेला आकडा खऱ्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी निघाला. त्या लोकांना मी खोटारडे म्हणणार नाही, आपण काय काय तोंडात टाकलं हे कोणालाच नीट आठवत नाही, आणि समोरचा रागावणार असेल तर अजूनच कमी आठवतं. म्हणून माझी विनंती, ज्याने सल्ला दिला त्यानेच तो पाळला का हे विचारू नये. दुसऱ्या कोणीतरी, आधी न सांगता फोन करून, काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लं ते वाटी-चमच्याच्या मापात विचारावं, महिन्यातून दोन वेगवेगळ्या वारी, एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा. सोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, डी३ चे रिपोर्ट आहेतच, आणि गोळ्यांचं पाकीट पुन्हा कधी घेतलं ही केमिस्टची बिलंही खूप काही सांगून जातात. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) खाली येईपर्यंत थांबू नका, ते खूप उशिरा कळवतं.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि इथे आपण स्वतःला फार लवकर शाबासकी देतो असं मला वाटतं. पहिलं वर्ष बहुतेक सगळेच पथ्य पाळतात. घ्रेलिन (भूक लावणारं हार्मोन) कमी झालेलं असतं, भूक लागत नाही, कपडे सैल होतात, लोक कौतुक करतात. त्या काळात तुम्ही ग्रुप घ्या, फोन करा, काही करा, सगळंच यशस्वी दिसणार. खरी परीक्षा दीड-दोन वर्षांनंतर असते, भूक परत आलेली असते, कौतुक थांबलेलं असतं, लग्नसराईत सगळे म्हणतात आता काय, आता खा की. म्हणून कुठली मदत उपयोगी हे सहाव्या महिन्यात नाही तर अठराव्या, चोविसाव्या, छत्तिसाव्या महिन्यात मोजा.

पण तेव्हा तर पेशंट येतच नाही, असं तुम्ही म्हणाल. बरोबर, आणि ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. ज्यांचं छान चाललंय ते येतात, ज्यांचं वजन वाढलंय ते लाजेने येत नाहीत, आणि मग आपण आलेल्यांची सरासरी काढून कॉन्फरन्समध्ये स्लाइड दाखवतो. न आलेल्यांचा आकडा त्या स्लाइडवर पहिल्या ओळीत असायला हवा. शंभर जणांचं ऑपरेशन झालं तर तीन वर्षांनी त्यातल्या किती जणांची खबर आपल्याकडे आहे, हा आकडा लपवण्यासारखा नाही, तो आपल्या कामाचाच भाग आहे. त्यांना हॉस्पिटलला बोलवू नका हवं तर, फोन करा, व्हॉट्सॅपवर वजन मागवा, आणि फोनवर पहिलं वाक्य वजन किती वाढलं असं नको, कसे आहात असं असू दे.

काय मोजायचं याला थोडा आधार आहे, नाही असं नाही. अमेरिकेतल्या लॅब्स-२ या मोठ्या अभ्यासात सर्जरीनंतरच्या २५ सवयी तपासल्या, आणि तीन वर्षांनी वजनातला फरक सगळ्यात जास्त सांगणाऱ्या तीन निघाल्या : आठवड्याला स्वतःचं वजन बघणं, पोट भरल्यावर थांबणं, आणि दिवसभर सतत खात न राहणं. बायपास झालेल्यांपैकी ज्यांनी सर्जरीनंतर या तिन्ही सवयी सुधारल्या त्यांचं वजन सरासरी ३८.८ टक्के उतरेल असा अंदाज निघाला आणि ज्यांनी काहीच बदललं नाही त्यांचं २४.६ टक्के. केवढा फरक आहे बघा, आणि यातली एकही गोष्ट महाग नाही. पण हा अभ्यास निरीक्षणाचा आहे, म्हणजे वजन बघितल्याने फायदा झाला की ज्यांचं बरं चाललं होतं तेच वजन बघत होते हे त्यातून पक्कं कळत नाही.

हीच गफलत आपण सपोर्ट ग्रुपबाबत करतो. ग्रुपला येणाऱ्यांचं वजन कमी राहतं म्हणून ग्रुप चांगला असं म्हणतो, पण ग्रुपला येणारा माणूस आधीच उत्साही असतो, त्याला सुट्टी मिळते, त्याच्याकडे गाडी असते. आमच्याकडे पहिल्या समुपदेशनाला घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसालाही बोलवायला सुरुवात केली, बहुतेक वेळा बायको, आई किंवा सासू, कधी मेसवाल्या काकूसुद्धा. मला मनापासून वाटतं की याने खूप फरक पडतो, कारण ताट वाढणारीला माहीतच नसेल की याने दोन चमचे डाळ आधी खायची आहे तर ती पानात पोळीच आधी वाढणार. आणि जिथे पेशंटच स्वयंपाक करणारी असते, घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर उभ्याउभ्या उरलंसुरलं खाणारी, तिच्या घरच्यांना तर बोलवायलाच हवं. पण ‘मला वाटतं’ हा काही पुरावा नाही. पुरावा हवा असेल तर चिठ्ठ्या टाकाव्या लागतील, निम्म्या पेशंटच्या घरच्यांना बोलवायचं, निम्म्यांना नेहमीसारखंच, आणि दोन वर्षांनी दुसऱ्याच कोणीतरी दोन्ही गटांचं खाणं तपासायचं. नाहीतर सात-आठ हॉस्पिटलं मिळून ठरवायचं, सुरुवातीला सगळीकडे नेहमीचीच पद्धत, मग चिठ्ठी निघेल त्या क्रमाने एकेका हॉस्पिटलने नवी मदत सुरू करायची, म्हणजे शेवटी मदत सगळ्यांनाच मिळते, कोणी वंचित राहत नाही, आणि तुलनाही होते. एथिक्स कमिटीची परवानगी, पेशंटची संमती हे अर्थातच.

तपासण्यासारखं कितीतरी आहे. डाएटिशियनचा फोन जास्त उपयोगी की आधी सर्जरी झालेल्या पेशंटचा? ताटाचा फोटो रोज मागवला तर लोक टिकतात की कंटाळतात? छापील इंग्रजी चार्टऐवजी मराठीत वाटी-चमच्याच्या मापात, घरच्याच पदार्थांचा चार्ट दिला तर? ठरावीक मापाची छोटी वाटी आणि छोटा चमचा घरी दिला तर? मला यातल्या काहींबद्दल खात्री वाटते, काहींबद्दल शंका, तुमची खात्री वेगळ्या गोष्टींबद्दल असेल. म्हणूनच मोजूया.

पैशाचं थोडक्यात. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) २०१९ च्या नियमांनुसार बीएमआय ४० किंवा त्यावर, किंवा गंभीर आजारासोबत ३५ आणि त्यावर, अशा ठरावीक अटी पूर्ण केल्या तर या सर्जरीचा क्लेम होऊ शकतो. पण त्यानंतरची डाएटिशियनची फी, रक्ततपासण्या, गोळ्या, पावडर हे बहुतेकांच्या खिशातूनच जातं. उद्या आपण विमा कंपन्यांना सांगायला गेलो की दोन वर्षांचा फॉलोअप पॅकेजमध्ये घ्या, तर ते विचारणार की त्याने काय फरक पडतो, आकडे दाखवा. आज दाखवायला काय आहे आपल्याकडे?

डब्ल्यूएचओने २००३ मध्ये दीर्घकाळच्या उपचारांबद्दल एक मोठा अहवाल काढला होता, त्यात उपचार न पाळण्याची कारणं पाच गटांत मांडली आहेत : आर्थिक-सामाजिक, आरोग्य यंत्रणेची, आजाराची, उपचाराची आणि शेवटी पेशंटची स्वतःची. पाचातला एक गट पेशंटचा. आपल्या ओपीडीत मात्र पाचही गटांचं खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फुटतं, तो खुर्चीत बसून मान खाली घालतो, आणि पुढच्या वेळी येत नाही. मी हे रोज बघते म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

तर मागणी अशी आहे. सोसायटीने फॉलोअपसाठी एक पानाचा फॉर्म ठरवावा, सगळ्या सेंटरनी तोच वापरावा. त्यात सवयी वेगवेगळ्या लिहिलेल्या असाव्यात, प्रत्येक सवयीसमोर सुटण्याचं कारण (अडकतं, परवडत नाही, वेळ बसत नाही, घरचे ऐकत नाहीत, विसरतो, कंटाळा आला, दुसरं काही) आणि आपण कोणती मदत दिली ते, तारखेसकट. फॉर्म मराठीत आणि हिंदीतही असावा म्हणजे कोऑर्डिनेटर फोनवरूनसुद्धा भरू शकेल. रजिस्ट्रीत (सगळ्या सेंटरच्या पेशंटच्या एकत्र नोंदीत) वजनासोबत हेही जावं. आणि पुढच्या वार्षिक कॉन्फरन्समध्ये सर्जरीच्या टेक्निकच्या सेशनइतकाच वेळ या विषयाला मिळावा, दुपारी जेवणानंतर रिकाम्या हॉलमध्ये नाही तर सकाळी, सर्जन समोर बसलेले असताना. डाएटिशियन संघटनेने आपल्या सभासदांना चोवीस तासांचं खाणं एकाच पद्धतीने कसं विचारायचं याचं ट्रेनिंग द्यावं, कारण प्रत्येकीची वाटी वेगळ्या मापाची असेल तर आकडे जुळणारच नाहीत.

ज्या पेशंटनी हे पत्र वाचलं असेल त्यांनाही सांगते, तुमच्या पुढच्या व्हिजिटला डाएट जमत नाही एवढंच म्हणू नका, काय जमत नाही आणि कुठल्या वेळेला जमत नाही ते लिहून आणा आणि फाइलमध्ये लावायला सांगा. मोबाइलवर टाइप केलेलं चालेल.

मी फॉर्मचा कच्चा मसुदा तयार केलाय, एकच पान आहे, त्यात चुका असतील, खोडा, बदला. सोसायटीकडे आणि असोसिएशनच्या दोन्ही शाखांकडे या पत्रासोबत पाठवतेय. एखाद्या सेंटरला पुढच्या महिन्यापासून सुरू करायचं असेल तर फोन करायला आणि आलेली माहिती भरायला मी रविवारी वेळ देईन.

आपली,
नाशिकच्या बॅरिएट्रिक ओपीडीतली एक डाएटिशियन